संकेतार्थाचे अवयव आणि आघात

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिल्या तिहींचा संबंध जे घडते, जे घडावे म्हणून आज्ञा होते, अथवा जे घडणे योग्य किंवा शक्य असते, त्याच्याशी आहे. चौथ्याचा संबंध मात्र बहुधा जे घडलेच नाही त्याच्याशी असतो. ‘पाऊस वेळेवर आला असता, तर कापूस साधला असता’ या वाक्यात पाऊस नाही आणि कापूसही नाही. आहे ती केवळ हुकलेली गोष्ट. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात असले वाक्य व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा गावच्या पारावर अधिक ऐकू येते, हे कोणीही मान्य करील. ज्या रूपाच्या ठायी माणसाची हळहळ इतकी साठलेली आहे, ते रूप तोंडातून कसे निघते, त्याचे तुकडे कोठे पडतात आणि त्यातील कोणत्या तुकड्यावर भार येतो, हा प्रश्न वस्तुतः व्याकरणाचाही आहे आणि साहित्याचाही. परंतु आपण तो दोन्हीकडे अनुत्तरित ठेवला आहे. आपले व्याकरण डोळ्यांनी शिकवले जाते व आपली कविता डोळ्यांनी वाचली जाते, अशी आमची तक्रार आहे. आणि संकेतार्थी क्रियापदांच्या उदाहरणाने ती सिद्ध करण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एका परक्या भाषेचे उदाहरण घेऊ. कारण आपल्या घरातील गोष्ट पुष्कळदा शेजारच्या ओट्यावरून स्पष्ट दिसते. स्पॅनिश भाषेत संकेतार्थाची रूपे धातूच्या मूळ रूपापुढे ‘ईआ’ हा प्रत्यय लावून होतात. ‘कान्तार’ म्हणजे गाणे. त्यावरून ‘कान्तारीआ’ म्हणजे ‘गाता’ किंवा ‘गायला असता’. पुरुष व वचन यांप्रमाणे या रूपाचे सहा प्रकार होतात, आणि सहाही प्रकारांत आघात एकाच ठिकाणी, म्हणजे प्रत्ययातील ‘ई’वर पडतो. तो आघात नुसता बोलला जातो असे नव्हे, तर त्या ‘ई’वर एक तिरपी रेघ देऊन तो लिहिलाही जातो. ही रेघ शोभेची नाही. ती काढली, तर ‘इ’ आणि ‘आ’ हे दोन स्वर एकमेकांत मिसळून त्यांचा एकच तुकडा होईल. स्पॅनिशमध्ये रेघ नसलेला ‘सेरिआ’ हा शब्द ‘से-र्या’ असा दोन तुकड्यांत, पहिल्या तुकड्यावर भार देऊन उच्चारतात. त्याचा अर्थ ‘गंभीर’, आणि तो स्त्रीलिंगी विशेषण आहे. त्याच अक्षरांवर रेघ पडली की ‘से-री-आ’ असे तीन तुकडे होतात, भार मधल्यावर जातो, आणि अर्थ होतो ‘असता’. एका रेघेने तुकडा वाढला, भार हलला आणि विशेषणाचे संकेतार्थी क्रियापद झाले. लिहिलेला शब्द कसा बोलावा, हे वाचणाऱ्याला कोणास विचारावे लागत नाही.

या रूपाची घडणही लक्षात घेण्यासारखी आहे. ते मूळच्या लॅटिनमधील क्रियापदाचे मूळ रूप आणि ‘जवळ असणे’ या अर्थाच्या धातूचा भूतकाळ यांच्या जोडणीतून झालेले आहे. भविष्यकाळाचे रूप त्याच धातूच्या वर्तमानकाळाशी जोडून झाले. अर्थात संकेतार्थ म्हणजे भविष्यकाळाचा भूतकाळ. आपल्याकडे संस्कृतातील लृङ् लकाराची घडण हीच आहे : ‘करिष्य’ या भविष्यकाळाच्या अंगामागे भूतकाळाचा ‘अ’ लावला की ‘अकरिष्यत्’ होते. वैदिक उच्चारात क्रियापद जेव्हा सस्वर असे, तेव्हा उदात्त स्वर या ‘अ’वरच पडे. म्हणजे ‘हे घडायचे होते, पण घडले नाही’ हे सांगण्याचे काम ज्या अवयवाकडे होते, त्याच अवयवावर आवाजही चढत असे.

मराठीने हा मार्ग सोडला. आपला संकेतार्थ वर्तमानकालवाचक धातुसाधितावरून आला आहे. प्राकृतातच ही वाट पडलेली होती. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात क्रियातिपत्तीसाठी ‘न्त’ आणि ‘माण’ हे धातुसाधितांचे प्रत्यय सांगितले आहेत. त्या ‘न्त’चा वंशज म्हणजे आपला ‘त’. ‘तो करता, ती करती, ते करते’ ही आपली रूपे. हिंदीतील ‘वह आता तो’ हा त्याच कुळातला. वर्तमानकाळ ‘तो करतो’ आणि संकेतार्थ ‘तो करता’ यांत फरक शेवटच्या एका स्वराचा. प्रथमपुरुषी तर तेवढाही फरक नाही : ‘मी करतो’ हे दोन्हींकडे सारखेच. अर्थ ओळखण्यासाठी ‘जर’, ‘तर’ आणि बोलणाऱ्याचा आवाज यांवर विसंबावे लागते. जी भाषा रूपांत इतकी काटकसर करते, तिला उच्चाराकडे अधिक लक्ष पुरवणे भाग असते. आपण नेमके उलट केले आहे.

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या पाऊणशे वर्षांत मराठी रूपांची जी कसून छाननी झाली, तिचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या परिश्रमांचा जो अंश शाळेपर्यंत उतरला, तो तक्त्यांचा. विद्यार्थी ‘करता, करतास, करती’ पाठ करतो, वाक्यातील अर्थ ओळखून दाखवतो आणि गुण मिळवतो. ‘करता’ या शब्दात तुकडे किती, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही. विचारले, तर तो कागदाकडे पाहून ‘तीन’ असे उत्तर देईल. आणि ते उत्तर देताना तो जे बोलतो, त्यात मात्र दोनच असतील.

येथे दोन शब्दांचा भेद करून ठेवणे अवश्य आहे. कागदावर जे दिसते, त्यास आपण अक्षर म्हणू; आणि एका स्वराच्या आधाराने, एका दमात जो तुकडा उच्चारला जातो, त्यास अवयव म्हणू. ‘करता’ या शब्दात अक्षरे तीन आहेत : क, र, ता. अवयव दोन आहेत : कर्-ता. मधल्या ‘र’मधील ‘अ’ लिहिला जातो आणि गिळला जातो. हे गिळणे आळसाचे किंवा गावंढळपणाचे लक्षण नव्हे. त्याला नियम आहे व तो पाळण्यात शास्त्री आणि शेतकरी सारखेच काटेकोर असतात. शब्दाच्या शेवटून मागे यावे. ज्या ‘अ’च्या मागच्या व पुढच्या अशा दोन्ही अक्षरांत स्वर शाबूत आहे, तो ‘अ’ गिळला जातो. आणि एक गिळला गेला की त्याच्या लगत मागचा राखला जातो. म्हणून ‘बसता’ हे बस्-ता, ‘समजता’ हे स-मज्-ता, ‘विसरता’ हे वि-सर्-ता, ‘ओळखता’ हे ओ-ळख्-ता. जोडाक्षरावरचा ‘अ’ मात्र गिळता येत नाही. म्हणून ‘जन्मता’ हे जन्-म-ता असे तीन अवयवांचेच राहते. वाचकांनी हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. नियमाची प्रचीती तत्काळ येईल.

हा नियम ठाऊक असला, म्हणजे एका जुन्या बदलाचा अर्थही उलगडतो. एकोणिसाव्या शतकातील गद्यात ‘करिता, करितो’ अशी रूपे सर्रास आढळतात. पुढे त्यांची जागा ‘करता, करतो’ यांनी घेतली. पाहणाऱ्याला वाटते, एक वेलांटी गेली. वस्तुतः एक संपूर्ण अवयव गेला. ‘करिता’ हे क-रि-ता असे तीन अवयवांचे आहे; त्यातील ‘इ’ गिळता येत नाही. वेलांटी जाऊन तेथे ‘अ’ आला आणि तो येताच नियमाप्रमाणे गिळला गेला. प्रयोजक रूपात तर अवयवांची वाटणीच पालटते. ‘करविता’ हे कर्-वि-ता, पण ‘करवता’ हे क-रव्-ता. अवयवांची संख्या तीच, पण पहिल्यात भारदस्त अवयव आरंभी आहे आणि दुसऱ्यात तो मध्ये सरकला आहे. शब्दाचा तोल बदलला, आणि डोळ्यांना केवळ एक वेलांटी कमी दिसली.

आता लहान मुलांच्या वहीकडे वळू. ‘मी बस्तो’, ‘तो कर्ता’ असे एखादे मूल लिहिते, तेव्हा त्यावर लाल शाई पडते. लेखनाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु त्या मुलाचा कान चुकलेला नाही, तर तो फार तीक्ष्ण आहे, हेही त्याला सांगायला हवे. ‘बसता’ आणि दप्तराचा ‘बस्ता’, ‘करता’ आणि वाक्यातील ‘कर्ता’ हे शब्द त्याच्या कानाला जवळजवळ एकच वाटतात, कारण ते तसे आहेतच. लेखनात आपण ‘करता’ लिहितो, ते उच्चार दाखवण्यासाठी नव्हे. ‘करणे’, ‘करेल’, ‘करवणे’ या सर्वांत तोच ‘कर’ धातू आहे, हे नाते डोळ्यांसमोर राहावे म्हणून. ‘क-रेल्’ म्हणताना त्या ‘र’ला स्वर मिळतो, ‘कर्-ता’ म्हणताना मिळत नाही. लेखन मात्र धातूला दोन्हीकडे ओळखता येईल असे ठेवते. हे कारण सांगितले, तर मूल लेखनही शिकेल आणि आपल्या कानावरचा विश्वासही गमावणार नाही. नुसती लाल शाई दिली, तर ते एवढेच शिकेल की लिहिणे खरे आणि बोलणे खोटे.

हीच समजूत पुढे कवितेच्या वाचनात नडते. दामल्यांचे थोरले बंधू केशवसुत. एकाच घरात भाषेचे शास्त्र आणि भाषेचे काव्य नांदत होते. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र व्याकरणाचा तास आणि कवितेचा तास यांची ओळखदेख नसते. संकेतार्थी रूपांच्या बाबतीत तिचा अभाव कसा जाणवतो, ते पाहा. अक्षरगणवृत्तांत ‘करता’, ‘असता’, ‘बसता’ ही रूपे लघु-लघु-गुरू, म्हणजे सगण, अशी मोजतात. तोटक वृत्तात सगणच चार वेळा येतो. म्हणून ‘जर तो करता’ हे अगदी साधे बोलण्यातले शब्द तोटकाच्या अर्ध्या चरणात जसेच्या तसे बसतात. पण ते बसतात कागदावर! बोलताना त्यांचे अवयव जर्-तो-कर्-ता असे चार गुरू होतात, आणि तोटकाची दौड तेथल्या तेथे थांबते. वृत्त राखायचे, तर वाचणाऱ्याने दोन्ही ‘र’ पूर्ण उच्चारलेच पाहिजेत.

याच्या उलट भुजंगप्रयात. मनाच्या श्लोकांमुळे हे वृत्त महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले आहे. यात लघु-गुरू-गुरू अशी चाल चार वेळा येते. दोन लघू शेजारी शेजारी कोठेच येत नाहीत. त्यामुळे ‘जरी तो न जाता’ हे भुजंगप्रयातात सहज चालते. परंतु ‘जरी तो न करता’ हे कागदाच्या हिशेबाने अजिबात चालत नाही, कारण ‘न, क, र’ असे तीन लघू एका ओळीत आले. आता हेच शब्द नेहमीच्या उच्चाराने म्हणून पाहावे : ज-री-तो-न-कर्-ता. लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू! कानाला कोठेही खडा लागत नाही. तात्पर्य, ज्या वृत्तात कागद ‘करता’ला प्रवेश देतो तेथे जीभ अडखळते, आणि जेथे जीभ सुखाने चालते तेथे कागद दार लावून बसतो.

मात्रांच्या मोजणीवर चालणाऱ्या जातींत हा तंटा आपोआप मिटतो. ‘जर तो करता’ यांच्या लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे मात्रा आठ होतात. उच्चारलेल्या अवयवांप्रमाणे मोजल्या, तरीही आठच. दोन लघूंच्या जागी एक गुरू आला, तर मात्रांची बेरीज ढळत नाही. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त मराठी पद्यप्रकारांचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले. हा विभाग केवळ मोजणीच्या सोयीचा नाही. मराठी उच्चाराशी कोणता वर्ग किती समेट करू शकतो, हेही त्यावरून समजते. आधुनिक मराठी कवितेला जाती इतक्या मानवल्या, याचे एक कारण आमच्या मते हेच असावे. बोलण्यातले ‘असता’ आणि लिहिण्यातले ‘असता’ यांना तेथे एकाच घरात राहता येते.

गाण्यात आणखी निराळा प्रकार होतो. गळा एखाद्या अक्षरावर थांबला, की गिळलेला ‘अ’ पुन्हा वर येतो; ‘करता’ तीन अवयवांचे होते आणि ते कोणालाही खटकत नाही. १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्या ग. दि. माडगूळकरांसारख्या गीतकाराचे शब्द गाताना ऐकावे आणि मग तेच शब्द गद्यासारखे वाचून पाहावे. अवयवांची संख्या पदोपदी बदललेली आढळेल. यावरून असे ठरते, की संकेतार्थी रूपाला एकच एक अवयवविभाग नाही. गद्यात एक, वृत्तात दुसरा, गाण्यात तिसरा. सुजाण वाचक तो, जो या तिहींतील कोणता कोठे योजावा हे जाणतो. वर्गात कविता वाचणारा विद्यार्थी तोटकात गद्याचा उच्चार करून वृत्त मोडतो, किंवा गद्यात अक्षर अन् अक्षर उच्चारून वाक्य मोडतो. आणि दोन्ही वेळा त्याला ‘नीट वाच’ एवढेच सांगितले जाते. नीट म्हणजे कसे, हे सांगणारे व्याकरण त्याच्या हाती नसते.

येथवर अवयवांचा विचार झाला. आता आघाताचा. मराठीत आघात हा स्पॅनिशसारखा शब्दाचा अर्थ बदलणारा नाही, असे सामान्यतः मानले जाते. आणि एकेकट्या शब्दापुरते ते खरे आहे. गुरू अवयवावर थोडा अधिक भार येतो, इतकेच. परंतु शब्द वाक्यात शिरला, की भार आणि विराम यांना अर्थ प्राप्त होतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘असता’ हाच शब्द. ‘मंत्र्यांना प्रश्न विचारला असता त्यांनी उत्तर देण्याचे टाळले’ असली वाक्ये वृत्तपत्रांत नित्य येतात. येथे ‘असता’ म्हणजे ‘तेव्हा’. प्रश्न विचारला गेलेला आहे. ‘मंत्र्यांना मी प्रश्न विचारला असता, पण वेळ संपली’ या वाक्यात प्रश्न विचारलाच गेलेला नाही. एकाच ‘विचारला असता’ने एकदा घडलेली गोष्ट सांगितली, एकदा न घडलेली. दोन वाक्यांत याहून मोठे अंतर ते काय असावे?

हा घोटाळा मुख्यतः पुल्लिंगी एकवचनात होतो. ‘चौकशी केली असती’ आणि ‘चौकशी केली असता’ यांत रूपच निराळे आहे, कारण संकेतार्थ लिंगवचनांप्रमाणे बदलतो आणि धातुसाधित अव्यय बदलत नाही. पूर्वीच्या लेखनात पुल्लिंगातही भेद दिसत असे : अव्ययावर अनुस्वार देऊन ‘असतां’ लिहीत आणि संकेतार्थ ‘असता’ असा राही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी न उच्चारले जाणारे व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले, आणि त्यांबरोबर हा भेदही कागदावरून पुसला गेला. आम्हांस त्या नियमांशी भांडावयाचे नाही. जो अनुस्वार बहुतेकांच्या तोंडी राहिलेला नव्हता, तो मुलांकडून घोकून घेण्यात अर्थ नव्हता. शिवाय ‘तुम्ही आलां असतां’ या संकेतार्थी रूपावरही तो होताच. म्हणजे भेद दाखवण्याचे काम तो पुरतेपणी करीत होता असेही नाही.

परंतु अनुस्वार गेला, तरी भेद गेला नाही. तो बोलणाऱ्याच्या आवाजात राहिला. ‘प्रश्न विचारला असता’ हे जेव्हा ‘तेव्हा’ या अर्थी म्हणावयाचे असते, तेव्हा ‘विचारला असता’ हे दोन शब्द एका दमात जातात, आवाज ‘ता’वर किंचित वर राहतो आणि ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहतो. संकेतार्थी ‘विचारला असता’ म्हणताना भार ‘विचारला’वर येतो, आणि ‘असता’ खाली उतरून मिटते; तेथे वाक्य पुरे झाले तरी चालते. कागदावरची खूण काढून टाकताना, ती ज्याच्याकडे सोपवली, त्या आवाजाचे शिक्षण देण्याची जबाबदारी आपण घ्यावयास हवी होती. ती कोणी घेतली नाही. डोळ्यांचे ओझे हलके झाले, पण कानाला त्याचा वाटा उचलण्यास कोणी शिकवले नाही.

गंमत अशी, की एक अनुस्वार गेला आणि दुसरा आला. बोलण्याप्रमाणे लिहिताना ‘असते, केले, झाले’ यांऐवजी ‘असतं, केलं, झालं’ असे लिहिण्यास त्याच नियमांनी मुभा दिली. हा अनुस्वार नाकात उच्चारला जात नाही. मग तो करतो काय? ‘असत’ आणि ‘असतं’ हे दोन शब्द शेजारी ठेवून उच्चारावेत. ‘तो येत असत नाही’ यातील ‘असत’चे अवयव अ-सत्, ‘ते येत असतं’ यातील ‘असतं’चे अवयव अस्-तं, आणि शेवटचा ‘अ’ लांबवलेला. तसेच ‘करत’ हे क-रत्, आणि ‘करतं’ हे कर्-तं. शेवटचा ‘अ’ गिळू नको, असे तो टिंब सांगतो. आणि शेवटचा राखला जाताच नियमाप्रमाणे मधला गिळला जातो. एका टिंबाने शब्द दुसऱ्या ठिकाणी तुटला आणि भार दुसऱ्या अवयवाकडून पहिल्याकडे ओढला गेला. स्पॅनिश ‘सेरीआ’वरची तिरपी रेघ जे काम करते, तेच काम ‘असतं’वरचे हे टिंब आमच्या लिपीत करीत आहे. आपल्या लिपीला उच्चार दाखवता येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी या टिंबाकडे एकदा नीट पाहावे. ‘झालं असतं’ हे लेखन ढिसाळ आणि ‘झाले असते’ हे तेवढे शिष्ट, असा जो समज शिक्षित घरांत दिसतो, तोही पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे.

आता आमच्या वऱ्हाडीविषयी दोन शब्द. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तेव्हापासून वऱ्हाडी-नागपुरी बोलीची वैशिष्ट्ये विद्वानांना परिचित आहेत. ‘मले कयलं असतं त मी आलो असतो’ हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही बाजारात ऐकावयास मिळेल. यात ‘कळलं’चे ‘कयलं’ झाले आहे. अक्षर बदलले, पण अवयव बदलले नाहीत : कळ्-लं तसेच कय्-लं. उलट ‘तर’चे ‘त’ झाले, तेव्हा नुसता एक ‘र’ गेला नाही, तर भाराची जागा हलली. ‘तर्’ हा स्वतःच गुरू अवयव आहे; प्रमाण भाषेत अटीचा भार तो स्वतः वाहतो आणि त्याच्यापुढे आपण थांबू शकतो. ‘त’ हा एवढासा लघु अवयव. तो एकटा उभा राहू शकत नाही आणि मागच्या क्रियापदाला टेकतो. त्यामुळे ‘असतं त’ हे एका शब्दासारखे उच्चारले जाते आणि अटीचा सारा जोर ‘असतं’वर येतो. आमच्या कानाला तरी वऱ्हाडी संकेतार्थ अधिक निश्चयी, अधिक तुटक वाटतो. आणि त्याचे कारण बोलणाऱ्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या ‘त’मध्ये शोधावे, हे बरे. ‘त’ म्हणजे अपभ्रष्ट ‘तर’, असे सांगून मोकळे होणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

परंतु ज्यांच्या घरी वऱ्हाडी तरी बोलली जाते, त्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांना ‘करता’चे दोन अवयव आईच्या तोंडून मिळालेले असतात, पुस्तकाने तीन दाखवले, म्हणून ते तीन बोलत नाहीत. याच जिल्ह्यात केळापूर आणि वणीच्या बाजूला कोलामी व गोंडी बोलणारी घरे आहेत, पुसद-दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत. त्या घरातल्या मुलाची प्रमाण मराठीशी खरी गाठ बहुधा पुस्तकातच पडते. पुस्तक त्याला क-र-ता असे तीन अक्षरांचे दाखवते, आणि ‘यातला मधला स्वर गिळ’ असे कोठेही सांगत नाही. ते मूल लिहिले आहे तसे वाचते, आणि वर्ग हसतो. ज्याने कागदावर पूर्ण विश्वास ठेवला, तोच वर्गात अडाणी ठरतो! जो नियम मराठी घरातल्या मुलाला कधी शिकवावा लागत नाही, तोच या मुलाला शिकवणे अगत्याचे आहे. आणि शिकवणारालाच तो ठाऊक नसेल, तर त्याने शिकवावा तरी कसा?

यावर असा आक्षेप येईल, की उच्चाराला इतके महत्त्व दिले, तर शुद्धलेखनाची शिस्त ढासळेल. आज ‘करता’ दोन अवयवांचे म्हणाल, उद्या ते ‘कर्ता’ असे लिहू द्याल. आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. लेखन धातूंचे नाते दाखवते आणि उच्चार अवयवांची वाटणी दाखवतो. ही दोन निरनिराळी ज्ञाने आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचे कारण नाही. स्पॅनिश लिपीने दोन्ही एकत्र बसवली, हे तिचे भाग्य. आपल्या लिपीने बहुतेक ठिकाणी एकच पत्करले. म्हणून दुसरे मुखाने शिकवावयाचे, एवढाच आमचा आग्रह आहे.

त्यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तक लागणार नाही. संकेतार्थाचा तक्ता फळ्यावर लिहिताना ‘समजता’खाली स-मज्-ता अशी फोड करून दाखवावी; तोटकाचा चरण शिकवताना त्यातील कोणते ‘अ’ वृत्तासाठी जागे करावयाचे, ते सांगावे; आणि ‘विचारला असता’ हे शब्द दोन अर्थांनी, दोन आवाजांत, वर्गाकडून वाचून घ्यावेत. घरीही हे होण्यासारखे आहे. ज्या कुटुंबात संध्याकाळी कोणी एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तेथे मुलांना अवयव आणि आघात यांचे पाठ व्याख्येवाचून मिळतात. व्याकरणाच्या पुस्तकाने त्या पाठांना केवळ नावे द्यावयाची आहेत. जे घडले नाही ते सांगण्यासाठी भाषेने आपल्याला एक सूक्ष्म आणि काटकसरी रूप दिले आहे. त्यातला अर्थ अर्धा शाईत आहे आणि अर्धा आवाजात. आणि पुढच्या पिढीच्या हाती तो द्यावयाचा, तर दोन्ही अर्धे द्यावयास पाहिजेत.